अपुऱ्या मुळाचा दात टाकाऊ नव्हे!

बालमित्रांनो, घटकाभर हा अंक बाजूला ठेवा आणि आरशासमोर उभे राहा. तोंड चांगले मोठे उघडा. आता खालच्या जबड्याच्या बरोबर मध्यापासून एका बाजूने दात मोजत मागे जा. एक, दोन, तीन, चार, पाच आणि सहा! हा सहावा दात कसा आहे? ती एक भली रुंद दाढ आहे ना? तिच्यावर खाचाखळगेही पुष्कळ दिसतील. तुमचे वय आठ असो की पंधरा, मधला एखादा दात पडलेला नसेल, तर ही दाढ सहावीच भरेल. आणि गंमत अशी की, ती उगवतेही वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास. सहावा दात, सहावे वर्ष! एवढी खूण पक्की ध्यानात ठेवा.

आता घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, "ही दाढ दुधाची की कायमची?" तुम्ही लहान असाल तर पुष्कळ घरांत उत्तर येईल, "दुधाचीच असणार! अजून लहान आहेस की तू." हे उत्तर चुकीचे आहे. दुधाचे दात वीस असतात. ते एकेक करून पडतात आणि त्यांच्या जागी वीस कायमचे दात येतात. पण कायमचे दात बत्तीस. मग उरलेले बारा कोठून येतात? ते बारा म्हणजे मागच्या दाढा. त्या दुधाच्या दातांच्या मागे, हिरडीच्या मोकळ्या जागेतून वर येतात. त्या येण्यासाठी कोणताही दात पडावा लागत नाही. म्हणून ही पहिली कायमची दाढ केव्हा आली हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. मग दोन-तीन वर्षांनी ती किडते, ठणकू लागते, आणि मोठी माणसे धीर देतात, "रडू नकोस. दुधाचा दात तो. पडेल आणि नवा येईल." ती दाढ पडल्यावर नवी काही येत नाही. तिच्यामागे दुसरी दाढ शिल्लक नसते.

या लेखात मला तुमच्यापुढे एक मत मांडायचे आहे. लहान वयात एखादा कायमचा दात आतून मेला, त्याच्यात पू झाला, तरी तो टाकाऊ समजून उपटण्याची घाई करू नये. त्या दाताचे मूळ अजून पुरे वाढलेले नसेल तर नव्हेच नव्हे. कारण मूळ अपुरे असणे हा जसा त्या दाताचा दुबळेपणा आहे, तसेच त्यात त्याचे एक मोठे बळही दडलेले आहे. हे बळ कोणते, ते दंतशास्त्रज्ञांच्या ध्यानात कसे आले आणि त्याचा उपयोग कोठवर होतो, हे समजून घेतलेत म्हणजे माझे म्हणणे तुम्हांला पटते का ते तुमचे तुम्हीच ठरवा.

प्रथम दाताची रचना पाहू. बाहेरून दिसते ते पांढरे चकचकीत कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. पण त्याच्यात जिवंत पेशी नसतात. म्हणून त्याचा टवका उडाला तर तो पुन्हा भरून येत नाही. एनॅमलच्या आत असते डेंटिन. दाताचा मुख्य भाग याचाच बनलेला असतो. आणि डेंटिनच्या आत, अगदी मधोमध एक पोकळी असते. तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशी यांनी भरलेला मऊ गर असतो. डॉक्टर त्याला पल्प म्हणतात. आपण त्याला दंतमज्जा म्हणू. दंतमज्जेच्या कडेला गवंड्यांसारख्या काम करणाऱ्या पेशींची एक रांग असते. या पेशी आतल्या बाजूने डेंटिनचे थर चढवीत राहतात. दात जिवंत आहे असे आपण म्हणतो ते या दंतमज्जेमुळेच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कायमचा दात हिरडीतून वर डोकावतो तेव्हा तो पुरा झालेला नसतो. त्याचा वरचा भाग तयार असतो, पण मूळ अजून वाढत असते. पाया बांधून पुरा होण्याआधीच कुटुंब घरात राहायला यावे, तसाच हा प्रकार! दात चावू लागतो, ऊस सोलतो, चणे फोडतो आणि त्याच वेळी जबड्याच्या हाडात त्याचे मूळ लांब होत असते. दात उगवल्यानंतर मूळ पूर्ण व्हायला साधारणपणे तीन वर्षे लागतात. सहाव्या वर्षी आलेल्या दाढेचे मूळ नऊ-दहा वर्षांच्या सुमारास पुरे होते. वरचे पुढचे दोन मोठे दात सात-आठ वर्षांच्या वयात येतात. त्यांचे मूळही दहा वर्षांच्या सुमारास पुरे होते. तोपर्यंत मुळाचे टोक उघडे असते आणि त्याच्या भिंती पातळ असतात. इंग्रजी दंतवैद्यांनी अशा मुळाला तोंडाशी फाकलेल्या जुन्या ठासणीच्या बंदुकीची उपमा दिली आहे. मूळ वाढून पुरे झाले म्हणजे हे रुंद तोंड आवळत जाते आणि शेवटी रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांच्यापुरते बारीक छिद्र उरते.

या तीन वर्षांच्या काळात दातावर संकट आले तर काय होते? संकटे तीन प्रकारची येतात. पहिले म्हणजे कीड. दाढेच्या खाचांत गोड, चिकट अन्न अडकते, जंतू त्याचे आम्ल बनवितात, आम्लाने एनॅमल झिजते आणि कीड आत शिरते. दुसरे म्हणजे मार. सायकलवरून, झाडावरून किंवा शाळेच्या पायरीवरून पडले की पुढच्या दातावर आपटते. दात तुटतो, नाहीतर मुळाशी असलेली रक्तवाहिनी तुटते. तिसरे संकट थोडे निराळे आहे. काही मुलांच्या उपदाढेवर मधोमध एक लहानसा जादा सुळका असतो. आशियाई वंशाच्या लोकांत तो अधिक आढळतो. चावताना हा सुळका मोडला की आतली दंतमज्जा उघडी पडते, आणि बाहेरून कीड दिसत नसतानाही जंतू आत जातात.

कोणत्याही वाटेने का होईना, जंतू दंतमज्जेत पोचले आणि ती मेली की डेंटिन बनविणाऱ्या त्या गवंडी पेशीही मरतात. बांधकाम आहे त्या स्थितीत थांबते. भिंती पातळ, टोक उघडे! जंतूंचे विष मुळाच्या टोकातून हाडात उतरते. तेथे पू साठतो. हिरडीवर एखादी पुळी येते, फुटते, पुन्हा येते. आणि येथेच फसगत होते. दंतमज्जा मेली की तिच्यातले मज्जातंतूही मरतात, म्हणून ठणका अनेकदा आपोआप थांबतो. घरात सगळे म्हणतात, "बरे झाले, दात राहिला!" पण ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला असे नाही. तो मेला असण्याचाही संभव आहे.

मोठ्या माणसाच्या अशा दाताला रूट कॅनाल करतात हे तुम्ही ऐकलेच असेल. मुळातील नळी साफ करून, टोकापर्यंत घट्ट भरून बंद करतात. पण ज्या नळीचे टोकच फाकलेले आहे, ती भरायची कशी? तळ नसलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखेच ते. भरलेले द्रव्य पलीकडे हाडात उतरते. म्हणून पूर्वी असे दात सरळ उपटून टाकीत.

इ. स. १९६४ साली कायझर आणि १९६६ साली फ्रँक या अमेरिकन दंतवैद्यांनी एक उपाय पुढे आणला. मुळात कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरावयाचे. नाव भारदस्त आहे, पण पदार्थ तुमच्या ओळखीचा आहे. आजोबांच्या पानाच्या डब्यात असतो तो विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडच! अर्थात दंतवैद्य वापरतात तो शुद्ध केलेला असतो, तेव्हा घरचा चुना दातात भरण्याचा उद्योग कोणी करू नये. या औषधाने मुळाच्या टोकाशी हळूहळू एक कठीण पडदा तयार होतो. पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. आणि मुख्य उणीव तशीच राहते. टोक बंद झाले तरी भिंती पातळच राहतात. शिवाय डेन्मार्कमधील आंद्रेआसेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ साली मेंढ्यांच्या अपुऱ्या वाढलेल्या दातांवर प्रयोग करून दाखविले की, हे औषध दीर्घकाळ आत ठेवले तर सुमारे एका वर्षात दाताची बळकटी निम्म्यावर येईल. म्हणजे दात वाचवायचा, आणि पुढे कैरी खाताना तो मानेशी मोडायचा!

१९९३ साली अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठातून एमटीए नावाचे एक नवे द्रव्य पुढे आले. टोराबिनेजाद हे त्यामागचे प्रमुख संशोधक. हे द्रव्य मुख्यतः पोर्टलंड सिमेंटचेच असते. होय, घरे आणि पूल बांधण्याच्या सिमेंटच्या जातीचे! त्यात बिस्मथ ऑक्साइड मिसळतात, म्हणजे ते एक्स-रेमध्ये दिसते. सिमेंट पाण्याने घट्ट होते हे तुम्ही पाहिले आहे. तोंडात तर ओलावा सतत असतो. म्हणून हे द्रव्य दाताच्या कामी फार उपयोगी पडले. मुळाच्या टोकाशी याचे बूच बसविले की महिनोन्‌महिने थांबायला नको. पण भिंती? त्या याही उपायाने जाड होत नाहीत. मेलेला दात सिमेंटने बंद झाला, एवढेच.

मग प्रश्न असा उभा राहतो की, थांबलेले बांधकाम पुन्हा सुरू करता येईल का?

नॉर्वेतील नीगोर-ओस्टबी या दंतशास्त्रज्ञाने १९६१ साली एक विचार मांडला होता. आपल्या गुडघ्याला खरचटले की रक्त येते, गोठते, आणि त्या गुठळीच्या आधाराने नवे ऊतक तयार होऊन जखम भरते. मग साफ केलेल्या दाताच्या पोकळीतही रक्त येऊ दिले तर? त्याने तसे प्रयोग केले. थोडेफार नवे ऊतक आत वाढलेले दिसले, पण हवे तसे यश आले नाही. विचार मागे पडला.

चाळीस वर्षांनी जपानमधून एक नोंद प्रसिद्ध झाली. २००१ साली इवाया, इकावा आणि कुबोता या दंतवैद्यांनी तेरा वर्षांच्या एका मुलीच्या खालच्या उपदाढेची हकीकत दिली. मूळ अपुरे, टोक उघडे, आत जंतू आणि हिरडीतून पू वाहणारे छिद्र. असा दात आता वाया गेला असेच कोणीही म्हणाले असते. पण या दंतवैद्यांनी नळी खरवडून काढली नाही. जंतुनाशक द्रवांनी ती धुतली, प्रतिजैविके ठेवली आणि पू थांबल्यावर दात वरून घट्ट बंद केला. पाच महिन्यांनी एक्स-रेमध्ये मुळाचे टोक आवळू लागलेले दिसले. तीस महिन्यांनी टोक पूर्ण बंद झाले होते आणि भिंती जाड झाल्या होत्या! बंद पडलेले बांधकाम पुन्हा सुरू झाले होते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, २००४ साली, अमेरिकेतील बँक्स आणि ट्रोप यांनी या उपचाराची एक पद्धतशीर रीत सांगितली. आज जगभर थोड्याफार फरकाने तीच रीत वापरली जाते. ती अशी.

पहिल्या भेटीत दात बधिर करून वरून उघडतात आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने आतली पोकळी सावकाश धुतात. कपडे शुभ्र करण्याच्या ब्लीचमध्ये हेच द्रव्य असते. द्रावण तीव्र घेतले तर जंतूंबरोबर उपयोगी पेशीही मरतात. म्हणून ते सुमारे दीड टक्क्याचे घ्यावे असे अमेरिकेतील मूळनलिका-तज्ज्ञांची संघटना सांगते. भिंती खरवडीत नाहीत, कारण त्या आधीच पातळ. मग प्रतिजैविकांचा लेप किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड आत ठेवून दात तात्पुरता बंद करतात. एक ते चार आठवड्यांनी दुसरी भेट. पू, सूज, दुखणे नाही अशी खात्री झाली की औषध धुऊन काढतात. मग ईडीटीए नावाच्या द्रवाने भिंती धुतात. त्यामुळे काय होते? डेंटिन बनताना त्याच्यात वाढीला चालना देणारी काही प्रथिने अडकून पडलेली असतात. ईडीटीएमुळे वरवरचा चुन्याचा अंश निघतो आणि ही प्रथिने मोकळी होतात. जणू जुन्या भिंतीत पुरून ठेवलेले धन नव्या बांधकामाला उपयोगी पडावे! शेवटी एका बारीक सुईसारख्या हत्याराने मुळाच्या टोकापलीकडे किंचित टोचतात. रक्त वर येते, पोकळी भरते आणि गोठते. त्या गुठळीवर एमटीएसारख्या द्रव्याचे झाकण आणि त्यावर पक्के भरण. पुढचे काम दंतवैद्य करीत नाही. ते शरीर करते.

पण ज्या दातात सारे मेले आहे, तेथे हे काम करायला पेशी येतात कोठून? येथेच त्या उघड्या टोकाचे महत्त्व कळते. २००६ साली सोनोयामा, शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, वाढत्या मुळाच्या टोकाशी मऊ ऊतकाचा एक छोटा गोळा असतो आणि त्यात मूलपेशी असतात. मूलपेशी म्हणजे अजून कोणताही धंदा न पत्करलेल्या पेशी. त्यांच्यातून पुढे डेंटिन बनविणाऱ्या पेशी तयार होऊ शकतात. हा गोळा दाताच्या आत नसतो, टोकाबाहेर असतो. त्याला आजूबाजूने रक्त मिळते. म्हणून दातातील दंतमज्जा मेली तरी तो पुष्कळदा तग धरून राहतो. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी उपचाराच्या वेळी दातात वर आलेले रक्त तपासले. त्यात मूलपेशींच्या खुणा शरीरातील इतर रक्तापेक्षा शेकडो पटींनी अधिक आढळल्या! मोठ्या माणसाच्या मुळाचे टोक आवळलेले असते. त्या बारीक छिद्रातून अशी कुमक सहज येऊ शकत नाही. लहान मुलाच्या दाताचे दार मात्र सताड उघडे. रूट कॅनाल करणाऱ्याला जी अडचण वाटत होती, तीच या उपचाराची वाट ठरली. अपुरेपणातले बळ म्हणतो ते हेच.

हे वाचून तुम्हांपैकी कोणी म्हणेल, "मग काय, विज्ञानाने मेलेला दात जिवंत केला!" थांबा. येथे मला तुम्हांला सावध करावयाचे आहे. या उपचाराला पुनर्जननाचा उपचार असे भव्य नाव मिळाले आहे. पण काही कारणाने पुढे काढाव्या लागलेल्या अशा दातांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा आत वाढलेले ऊतक बहुधा अस्सल दंतमज्जा नव्हते. ते हाडासारखे किंवा मुळावरच्या बाहेरच्या थरासारखे होते. पालीची शेपटी तुटली की नवी येते हे तुम्ही पाहिले असेल. पण नव्या शेपटीत पहिल्यासारखे मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. पालीचे काम भागते, पण ती शेपटी हुबेहूब पहिली नव्हे. या दातांचेही तसेच आहे. भिंती जाड होतील का, मूळ लांब होईल का, याची हमी आज कोणी देऊ शकत नाही. काही दातांत होतात, काहींत नाही. म्हणूनच त्या अमेरिकन संघटनेने उद्दिष्टांची पायरी ठरवून दिली आहे. पहिले उद्दिष्ट, दुखणे व सूज जावी आणि हाड भरून यावे. दुसरे, मूळ जाड व लांब व्हावे. तिसरे, दाताला पुन्हा संवेदना यावी. पहिले साधले तरी दात तोंडात राहतो, आणि वाढत्या वयाच्या मुलाला तेवढेही थोडके नाही. शास्त्राचे यश सांगताना ते होते त्याहून मोठे करून सांगणे मला पसंत नाही. त्याने आज टाळ्या मिळतात, पण उद्या विश्वास जातो.

संशोधन अर्थात थांबलेले नाही. २०१८ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी मार लागून मेलेल्या दातांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यात चाळीस मुले होती. त्यांपैकी तीस मुलांच्या स्वतःच्याच दुधाच्या दातांतून मूलपेशी काढून, वाढवून, त्या मेलेल्या दातांत घातल्या. रक्तवाहिन्या आणि संवेदना असलेले ऊतक त्यांत तयार झाल्याचे त्यांनी नोंदविले. आपण कौलावर फेकून देतो त्या दुधाच्या दाताचा हा उपयोग! पण ही रीत गावोगावच्या दवाखान्यात येण्याला अजून अवकाश आहे.

आता माझ्या मताविरुद्ध काय म्हणता येईल तेही पाहू. कोणी म्हणेल, बत्तीसांतला एक दात गेला तर काय बिघडले? बिघडते ते असे. एक दात गेला की शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात आणि समोरचा दात लांबतो. पुढचा दात आठव्या-नवव्या वर्षी गेला तर तेथे स्क्रूचा कृत्रिम दात लगेच बसविता येत नाही. जबडा वाढत राहतो, कृत्रिम दात मात्र आहे तेथेच राहतो आणि खोल गेल्यासारखा दिसू लागतो. म्हणून जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे सुमारे अठराव्या वर्षापर्यंत थांबावे लागते. दरम्यान दात नसलेल्या ठिकाणचे हाड खचत जाते. आपला अपुरा दात दहा वर्षे जरी टिकला, तरी त्याने हाड राखले आणि हसताना तोंडावर हात धरण्याची पाळी येऊ दिली नाही. हा लाभ लहान नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या उपचाराला फेऱ्या अधिक पडतात. वर्ष-दोन वर्षे एक्स-रे काढून पाहत राहावे लागते. रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापांना प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेला दिवस. तीन प्रतिजैविकांच्या लेपातील मिनोसायक्लिनने दात काळपट होऊ शकतो, म्हणून आता ते अनेक जण टाळतात. दाढेचा वरचा भाग किडून पार गेला असेल तर आतले मूळ वाढवून उपयोग नसतो. अशी दाढ योग्य वयात काढणेच कधी शहाणपणाचे ठरते, कारण मग मागची दाढ पुढे सरकून जागा भरू शकते. हे सारे खरे आहे. म्हणून प्रत्येक दात राखलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. माझे म्हणणे एवढेच की, दात उपटावा की राखावा हे विचार करून ठरावे. ते सवयीने किंवा गैरसमजाने ठरू नये.

यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. पहिली शाळेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलांची तपासणी होते. तीत दातांचाही समावेश आहे. पण पालकांना नुसते "दात किडला आहे" असे कळविले की घरी ते दुधाच्या दाताच्या खाती जाते. त्याऐवजी कार्डावर "हा कायमचा दात आहे" असे ठळक चार शब्द लिहावेत. त्याला एक पैही जादा लागत नाही. दुसरी गोष्ट दवाखान्यात. लहान मुलाचा कायमचा दात काढण्यापूर्वी पालकांनी एक प्रश्न विचारावा, "मुळाचे टोक बंद झाले आहे का?" एक्स-रेवरून याचे उत्तर मिळते. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. शंका असेल तर अशा ठिकाणी दुसरा सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या हातात आहे. दंतमज्जा मरू न देणे हा सर्वांत उत्तम उपाय. कीड थोडी असतानाच भरली, किंवा दंतमज्जेचा नुसता वरचा भाग बिघडला असताना तेवढाच काढून उरलेली राखली, तर मूळ आपले आपणच वाढून पुरे होते. तेव्हा दात ठणकला, रंग बदलला, हिरडीवर पुळी आली किंवा पडून मार लागला, तर लपवू नका. रागावतील म्हणून गप्प बसलात तर दिवस फुकट जातात. आणि कधी खेळताना कोणाचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर तो वरच्या भागाला धरून उचला. मूळ चोळू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर धुवा, मग गार दुधाच्या पेल्यात टाका आणि त्या मुलासह तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्या. टोक उघडे असलेला असा दात पुन्हा बसविल्यावर त्यात रक्तवाहिन्या शिरून तो जगण्याचा संभव असतो. दुधाचा दात मात्र असा परत बसवीत नाहीत.

बालमित्रांनो, तुमच्या घरात सहा ते दहा वर्षांचे धाकटे भावंड असेल तर आज रात्री दात घासताना त्याची सहावी दाढ त्याला मोजून दाखवा. ती कायमची आहे हे आईवडिलांनाही सांगा. तिचे मूळ अजून बांधून व्हायचे आहे. तिला तेवढी सवड मिळवून देणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.